हजेरीची ढाल

त्या शाळेत खेळाची एक ढाल होती, वक्तृत्वाची एक होती, विज्ञान प्रदर्शनाची एक होती. पण या तिन्ही ढाली एखाद्याच पोराच्या नाहीतर पोरीच्या जिवावर जिंकता येत. वर्गात एक पळणारा निघाला, एक बोलणारी निघाली की झालं. बाकीच्यांनी बसल्या जागी टाळ्या पिटायच्या आणि आपणच जिंकलो म्हणून मिरवायचं. हजेरीच्या ढालीचं तसं नव्हतं. ती मिळवायला अख्खा वर्ग लागे आणि घालवायला एक पोर पुरे. म्हणून शाळेत सगळ्यांत जास्त भांडणं तिच्यावरून व्हायची.

ज्या वर्गाची महिन्याची हजेरी सगळ्यांच्या वर, त्या वर्गात फळ्याच्या वर ती पुढचा महिनाभर टांगलेली असे. वर्षअखेरीला ज्याचा हिशेब सरस, त्याचं नाव तिच्यावर पितळी अक्षरांत लागे. हजेरी दिवसातून दोनदा व्हायची, सकाळी एकदा आणि मधल्या सुट्टीनंतर एकदा. दोन्ही वेळा पोर जागेवर असेल तरच तो दिवस धरायचा. आजारी पडलेल्याची रजा वेगळी आणि गल्लीत हुंदडणाऱ्याची रजा वेगळी, असा भेद ढालीला नव्हता. तो करावा असं शाळेत कुणाला कधी सुचलंही नाही. शहाण्यांचीच शाळा होती ती.

त्या वर्षी ढाल पहिल्या महिन्यापासून सातवी अ च्या भिंतीवरून हलली नव्हती, आणि त्याचं श्रेय एकटीचं होतं. ही वर्गाची मॉनिटर. शिवणकाम करणाऱ्या बाईची थोरली मुलगी, हाडापेराने दणकट, आवाज असा की मैदानाच्या पलीकडचा माणूस वळून बघावा. तिला सगळे फौजदार म्हणत. पहिली घंटा झाली की ती वर्गात उभी राहून बाकांवरून नजर फिरवायची. एखादी जागा रिकामी दिसली की वर्गबाईंकडे बघायची. बाई नुसती मान हलवायच्या, आणि फौजदार सुटायची. फाटकावरचा वॉचमन तिला काही विचारत नसे. इकडे बाई हजेरी घ्यायला लागत, पण इतक्या सावकाश की एकेका नावाला पोरांना जांभया येत. त्या जांभयांच्या अवधीत फौजदार आरोपीला घेऊन हजर होई. कुणाच्या हातात बूट, कुणाच्या तोंडात घास, कुणाच्या गालावर आईच्या बोटांचे ताजे वळ.

घराघरांत तिची दहशत होती आणि कौतुकही होतं. ‘आली बाई फौजदार, ऊठ आता,’ म्हणत आयाच पोरांची पांघरुणं ओढायच्या. खोटं दुखणं ओळखायची तिची एक हुकमी युक्ती होती. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला ती काही विचारत नसे, सरळ उठवायची. पोट दुखतंय म्हणणाऱ्याला मात्र उड्या मारायला लावायची. खरंच दुखत असेल तो जागचा हलणार नाही, आणि उडी मारली की सोंग उघडं पडलं. या युक्तीने तिने किती सोंगाडे पकडले त्याला गणती नव्हती. हेडसरांनी ती गोष्ट पालकसभेत रंगवून सांगितली तेव्हा पालक पोट धरून हसले होते. पोरीच्या आईला त्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या चार बायका सांगून गेल्या, तुमची पोरगी नाव काढणार. आईने वर न बघता पाय चालवत ठेवला, पण तिला बरं वाटलं होतं.

फौजदाराला खरा तापदायक एकच होता, तो वकील. हा तिच्याच बाकावरचा. काटकुळा, कान मोठे, आणि जिभेला हाड म्हणून नाही. शाळेच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. घरातून घंटा ऐकू येई, तरी महिन्यातून दोनदा तरी त्याला काहीतरी व्हायचंच. एकदा त्याने आजोबा अत्यवस्थ असल्याचं सांगितलं, तेव्हा आजोबा खाली पायरीवर बसून नखं कापत होते. एकदा म्हणाला, माझा डावा पाय झोपलाय आणि उठतच नाही, कायद्याने मी अर्धाच हजर राहू शकतो. ती त्याला कॉलर धरून आणायची आणि तो वाटभर वाद घालत यायचा. वर्गात आल्यावर दोघं एकाच वहीत डोकं घालून बसायचे. गणितं ती सोडवायची, निबंध तो लिहायचा. तो नसला की तिला दिवस खायला उठे. हे तिने जीव गेला तरी कबूल केलं नसतं.

वार्षिक समारंभ तोंडावर आला होता. सातवी ब वाले या खेपेला चिकाटीने मागे लागले होते, आणि दोन्ही वर्गांत फरक असा उरलाच नव्हता. एक दिवस, एक पोर, एवढ्यावर येऊन गोष्ट अडकली होती. बाईंनी वर्गाला बजावून ठेवलं होतं, आता फक्त ही शेवटची मजल, आता कुणी माती खाऊ नका.

त्या शुक्रवारी वकिलाची जागा रिकामी होती.

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गेली. दार उघडंच होतं. वकिलाची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती, उजाडायच्या आत जायची. वडील ट्रकवर, ते गेल्या आठवड्यापासून बाहेर. घरात आजोबा आणि वकील. वकील भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. खाटेखाली बादली ठेवलेली.

‘आज काय?’ ती म्हणाली. ‘उजवा पाय झोपला?’

‘पोट दुखतंय,’ तो म्हणाला. वाद नाही, काही नाही. ‘रात्रीपासून. तू जा.’

‘आज पोट. बरं. माझ्याकडे बघ तरी.’

‘फौजदार, खरंच दुखतंय गं. आधी मधे दुखत होतं, आता इथे दुखतंय.’ त्याने उजवीकडे, खाली, हात नेला आणि तसाच धरून ठेवला.

आजोबा कानाला हात लावून पुढे झुकले. त्यांना मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. ‘रात्री उलटी झाली त्याला,’ ते म्हणाले. ‘आई म्हणाली, आज राहू दे घरी. दुपारी येते ती सुट्टी काढून. डॉक्टरकडे नेणार आहे.’

‘दुपारी ना?’ ती त्यांच्या कानाशी ओरडली. ‘मग तोवर घरी पडून काय करणार? मी मधल्या सुट्टीत त्याला पाठवते. नक्की पाठवते.’ दुसऱ्या हजेरीचं तेव्हाचं तेव्हा बघू, असा तिचा हिशेब.

‘पोरी, आई नको म्हणालीय...’

‘आजोबा, हा गेल्या महिन्यात तुम्हाला मारायला निघाला होता. आठवतंय ना?’

आजोबांना हसू आलं. तिथेच ते हरले. तिने वकिलाच्या अंगावरची चादर ओढली. ‘ऊठ. उड्या मार. नाही जमल्या तर मी मुकाट जाते.’

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. तो गप्प पडून राहिला असता तर ती खरोखर मुकाट गेली असती. नियमाची पक्की होती ती. पण वकिलाला वाटलं उलटंच. आजवर इतकं खोटं बोलून झालं होतं की नुसतं ‘दुखतंय’ म्हणून कुणाला पटणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, उडी मारून दाखवली की हिला आपल्या तोंडावर दिसेल, किती दुखतंय ते. ‘बघ हं मग,’ तो म्हणाला. भिंतीला धरून उठला, ओठ आत घेतले आणि उडी मारली. आणखी एक मारली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि कपाळावर घाम आला होता.

तिने त्याचे पाय बघितले. पाय जमिनीवरून उचलले गेले होते.

‘झालं,’ ती म्हणाली. ‘चल. शर्ट घाल.’

त्याने तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वकिलाला मुद्दा सुचला नाही. जिन्यात तो कठडा धरून एकेक पायरी उतरला, गल्लीत वाकून चालला, आणि तिला वाटलं, आज नाटक झकास वठवतोय. फाटकापाशी तिने त्याचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. तेवढी माया तिला होती. बाई यादीच्या शेवटच्या नावांपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी यादीत मागे जाऊन वकिलाचं नाव घेतलं, तो ‘हजर’ म्हणाला, आणि वर्गाने बाकं बडवली.

पहिला तास तो डोकं बाकावर टेकून बसला. दुसऱ्या तासाला उठून बाईंकडे गेला, घरी जाऊ का म्हणाला. बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. अंग जरा कोमट लागलं. त्या वाईट बाई नव्हत्या. घरी स्वतःची दोन मुलं होती, त्यांचा ताप त्यांनी रात्र रात्र बसून काढला असेल. पण समोर ढाल टांगलेली होती. ‘आता आलाच आहेस तर बस थोडा,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी पी. बरं वाटेल.’

आणि त्याला बरं वाटलं! मधल्या सुट्टीच्या थोडं आधी त्याने डोकं वर काढलं. ‘थांबलं,’ तो म्हणाला. ‘अगं, एकदम थांबलं.’ चेहरा ओला होता, पण तो हसत होता. रात्रभर न झोपलेल्या माणसाला सुटका झाल्यावर जसं हसू येतं, तसं. घंटा झाली, पोरं डबे घेऊन बाहेर पळाली. तो भिंतीला टेकून बसला आणि त्याने सातवी ब च्या मॉनिटरच्या चालण्याची नक्कल केली, तीसुद्धा बसल्या बसल्या, नुसती बोटांनी. फौजदार खो खो हसली.

‘जातोस का घरी?’ तिने विचारलं. तिने खरंच विचारलं होतं. ‘तुझी आई येणार आहे ना?’

‘आता कशाला? बराय मी.’

‘बघ! सोंगाड्या.’

‘पुढच्या वेळी मेडिकल सर्टिफिकेट आणतो, मग बोल.’

तिला फार आनंद झाला. युक्ती खरी ठरली, दिवस भरला, मित्र बरा झाला. एकाच दिवसात माणसाला याहून जास्त काय मिळायचं? दुपारच्या हजेरीला तो पुन्हा ‘हजर’ म्हणाला. शाळा सुटल्यावर मात्र तो तिला म्हणाला, थंडी वाजतेय गं, आणि हळू हळू घरी गेला. ती दप्तर फिरवत आपल्या घरी पळाली.

शनिवारी शाळेला सुट्टी, रविवारी सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात नेलं, त्याच्या आईच्याच हॉस्पिटलात. रविवारी सकाळी तो गेला.

पोरीला ते कळलं आईच्या मशीनपाशी. शेजारची नर्स ब्लाऊज शिवायला टाकायला आली होती, तीच सांगत होती. पोरगी आत भांडी लावत होती. ‘अपेंडिक्स फुटलं हो. सगळीकडे पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी दुपारी जरी आणला असता तरी वाचला असता. आणि बघा ना, मधेच दुखायचं थांबलं म्हणे. पोराला वाटलं बरा झालो. फुटलं की थांबतंच ते थोडा वेळ. तिथेच माणूस फसतो.’

आत एक ताट पडलं. आईने मशीन थांबवून हाक मारली. पोरगी मोरीत उभी होती. ज्या घटकेला आपण ‘बघ, सोंगाड्या’ म्हणालो, त्याच घटकेला त्याच्या आत ते फुटलेलं होतं, आणि आपण हसत होतो, हे तिला कळलं होतं. ते समजावून सांगायला तिला कुणी मोठं माणूस लागलं नाही. तिने आपल्या पोटावर उजवीकडे, खाली, हात दाबून बघितला, आपल्यालाही तेच झालंय का. झालं तर बरंच, असंही वाटलं.

रात्री तिने आईला सगळं सांगितलं. उड्यांचंही. आईने तिला कुशीत ओढलं. मग म्हणाली, ‘तू मुद्दाम केलंस का?’

‘नाही.’

‘मग गप्प बस. त्याच्या आईला सांगून तिचं पोर परत येणार आहे का? उलट जखमेवर मीठ. आणि लोक काय, धारेवर धरतील तुला.’

‘पण तिला माहीत नाही, आई. तिला वाटत असेल तो आपणहून गेला.’

‘वाटू दे. तेवढंच सुख.’

सोमवारी प्रार्थनेनंतर सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि शाळा सोडून दिली. निघताना बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीबाहेर थांबवलं. बाईंचे डोळे सुजले होते. रडल्या होत्या, खोटं कशाला बोला. ‘हे बघ,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘कुणी विचारलं तर सांगायचं, तो आपणहून आला. बरं वाटत होतं म्हणून आला. तू लहान आहेस, उगाच तुझ्यावर काही यायला नको.’ तिच्यावर, असं त्या म्हणाल्या. आपल्यावर, असं म्हणाल्या नाहीत.

माणूस गेल्यावर त्याच्या मागे वाद राहतात, ते मोठ्यांच्यात. पोरांच्यातही राहतात, फक्त ती ते तोंडावर बोलतात. दुसऱ्याच दिवशी सातवी ब चा मॉनिटर हेडसरांच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, सर, ढाल आमची. आजपासून तो गैरहजर आहे. हेडसर दचकले. ‘अरे, तो वारला ना?’

‘वारला म्हणजे गैरहजरच की, सर.’

हेडसरांनी त्याला ओरडून हाकललं. मग कारकुनाला बोलावलं. पोर तर्कात पक्कं होतं, उत्तर तर द्यायलाच हवं होतं. कारकुनाने सांगितलं, पटावरून नाव कमी करू, मरण पावला त्या तारखेपासून. तो दिवस रविवार. ज्याचं नावच पटावर नाही, तो गैरहजर कसा राहील? अशा रीतीने वकिलाची हजेरी पुरी भरली आणि ढाल सातवी अ कडे राहिली. वर्गात बातमी आली तेव्हा कुणी बाक बडवलं नाही, पण हायसं सगळ्यांना वाटलं. फौजदारालासुद्धा क्षणभर वाटलं. ते तिला स्वतःचंच इतकं घाण वाटलं की ती पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली. त्या दिवसापासून घंटेनंतर ती बाकांवर नजर फिरवेनाशी झाली. बाईंनीही मान हलवायचं सोडलं.

ती वकिलाच्या घराकडे दोनदा गेली आणि जिन्यातून परतली. तिसऱ्यांदा वर गेली. आत चार-पाच बायका बसल्या होत्या. आजोबा कोपऱ्यात, तिला बघताच त्यांनी मान खाली घातली. वकिलाची आई इस्त्रीच्या वाफेने भाजलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. ‘ये,’ ती म्हणाली. ‘पाणी देऊ?’

‘काकू...’

‘किती वेड शाळेचं,’ एक बाई मधेच म्हणाली. ‘दुखत असताना गेला हो पोरगा. हेडमास्तर स्वतः येऊन सांगून गेले.’

बाकीच्यांनी माना हलवल्या. पोरगी जे सांगायला आली होती ते राहूनच गेलं. ज्या पोराला शाळेत नेताना कॉलर फाटायची वेळ यायची, त्याला शाळेचं वेड! तो असता तर या एका वाक्यावर त्याने तासभर युक्तिवाद केला असता.

वकिलाची आई तिच्याकडेच बघत होती. ‘त्या दिवशी वर्गात हसला का तो?’ तिने विचारलं.

‘हो, काकू. मधल्या सुट्टीत. खूप हसला.’

‘मधल्या सुट्टीत,’ ती म्हणाली. ‘बरं.’

याच्यापुढे काही झालं नाही. पोरगी पाणी पिऊन खाली आली.

समारंभाच्या आधी हेडसरांनी एक नवं बक्षीस जाहीर केलं. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला, दरवर्षी, वकिलाच्या नावाने. त्याचा फोटो बसवलेलं लाकडी स्मृतिचिन्ह. कल्पना हेडसरांची, आणि त्यांना ती मनापासून चांगली वाटत होती. चांगुलपणाच्या भरात माणूस काय काय करून बसतो! पहिलं बक्षीस कुणाला हे शोधायची गरजच नव्हती. सबंध वर्षात एकही दिवस न चुकवलेली शाळेत एकच होती. ते द्यायचं कुणाच्या हस्ते, हेही ठरलेलं. वकिलाच्या आईच्या.

पोरगी बाईंकडे गेली, मला नको म्हणाली. बाई म्हणाल्या, ‘नको कसं? त्याच्या आईने हो म्हटलंय. तिला काय वाटेल?’ घरी आईला म्हणाली, मी त्या दिवशी जाणार नाही. आई म्हणाली, ‘ती बाई एवढं काळीज घट्ट करून येणार, आणि तू तोंड लपवून बसणार?’ सगळ्यांचं बरोबर होतं. तिने मनाशी ठरवलं, मग तिथेच सांगायचं. सगळ्यांसमोर नाही, तेवढी छाती नव्हती. पण काकूंना, हातात घेताना. खोट्यावर मिळालेलं बक्षीस निदान खरं सांगून घ्यायचं. मग त्यांनी ते परत घेतलं तरी चालेल, थोबाडीत मारली तरी चालेल. मारलीच तर बरं.

समारंभाला मांडव भरला होता. पळणाऱ्याला पळण्याची ढाल मिळाली, बोलणारीला बोलण्याची. सातवी अ ची ढाल बाईंनी स्वतः जाऊन घेतली. मग हेडसर माईकपाशी आले. आवाज कापरा झाला होता. ‘असह्य वेदना होत असताना,’ ते म्हणाले, ‘आपला एक विद्यार्थी त्या दिवशी शाळेत आला. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी आग्रह केला नव्हता. केवळ आपल्या वर्गासाठी...’ पुढच्या रांगांतल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मागे बसलेले आजोबा कानाला हात लावून ऐकायचा प्रयत्न करत होते.

तिला हाक आली. ती पायऱ्या चढली. वकिलाची आई धुवट साडीत, दोन्ही हातांत ते लाकूड धरून उभी होती. फोटोत वकील कान बाहेर काढून हसत होता. पोरीने हात पुढे केले आणि मान खाली घालूनच, टाळ्यांच्या आवाजात, एका दमात सांगून टाकलं, ‘काकू, तो आपणहून नव्हता आला. नको म्हणत होता. मी आणला ओढून.’

वकिलाच्या आईने लाकूड सोडलं नाही. दोघींचे हात त्याच्यावर होते.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘आजोबांनी त्याच दिवशी सांगितलं. मधल्या सुट्टीत पाठवते म्हणाली होतीस ना? मी आले होते दुपारी. घंटा झाली, मला घरात ऐकू आली. मी दारात उभी राहिले. दुसरी घंटा झाली. म्हटलं, येत नाही म्हणजे बरा असेल, आणि कामावर परत गेले.’

पोरीने वर बघितलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला समजलं असतं.

‘तिथे तो हसत होता म्हणालीस,’ वकिलाची आई म्हणाली, ‘आणि मी कपड्यांना इस्त्री करत होते.’ मग ती लाकूड पोरीच्या छातीशी टेकवून जरा पुढे झुकली. ‘घे. आणि दरवर्षी तूच घे. आजारी पड, काही हो, पण जा. एक दिवस चुकवू नकोस. मी येत जाईन द्यायला.’

हेडसर माईक घेऊन जवळ सरकले होते. त्यांना शेवटचंच ऐकू आलं. त्यांचे डोळे भरून आले. ‘ऐकलंत?’ ते मांडवाला म्हणाले. ‘आईने आशीर्वाद दिलाय! एक दिवस चुकवू नकोस, म्हणाल्या!’

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शिवणकाम करणारी बाई चौथ्या रांगेत डोळे पुसत होती. फोटोवाल्याने हात वर करून दोघींना समोर बघायला सांगितलं, आणि दोघींनी समोर बघितलं.